आधी जीभ, मग हळद

तोरिकामावशीचे हात बारा महिने पिवळे असायचे. तिने मासे साफ केले की मासे पिवळे, तिने पाद्रीबाबांशी हात मिळवला की पाद्रीबाबा पिवळे. एका रविवारी त्यांनी त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला आणि अख्खं प्रवचन नवऱ्या मुलासारख्या हळदल्या तोंडाने दिलं. मागच्या बाकावर मी इतकी हसले की मला बाहेर काढलं. मावशी मात्र हसली नाही. आपल्या हळदीची चेष्टा तिला चालायची नाही.

चालेल कशी? आमच्या रोटुमा बेटावर हळद करणाऱ्या बायका आता फार उरलेल्या नाहीत. मुळ्या खणायच्या, किसायच्या, पाण्यात कालवून गाळायच्या, तळाशी बसलेला साका भाजून भुकटी करायची. त्या दिवसांत कुणाशी भांडायचं नाही, कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, नाहीतर साका बसत नाही, असं ती म्हणायची.

"म्हणूनच तुला जमणार नाही, एलिसा," ती मला कुंपणावरून सांगायची. "तू सकाळभर गप्प बसलीस तर गाव तुझ्यासाठी खड्डा खणायला घेईल."

गावात मूल जन्मलं की संध्याकाळी मावशी खोबरेल आणि हळद घेऊन हजर. कानामागे, काखेत, मांड्यांच्या वळ्यांत, टाळूवर, सगळीकडे तिची बोटं फिरायची. मूल सोन्याच्या बाहुलीसारखं दिसायला लागलं की मगच बाकीच्यांनी बघायचं. मलाही तिनेच फासलेलं, माझ्या तिन्ही पोरींनाही. तिच्या हळदीचं पोर आजारी पडत नाही, असं गाव म्हणायचं. गाव म्हणायचं आणि मावशी ऐकायची. ऐकून ऐकून तिला ते खरं वाटायला लागलं होतं, एवढीच काय ती तिची चूक, असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही.

आमच्याकडे प्रत्येक घराण्याच्या नावावर एक टोमणा असतो. कुणीतरी पूर्वज कधीतरी घसरलेला असतो, आणि त्याचं घसरणं पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या गळ्यात बांधलेलं असतं. मावशीच्या आजोबांनी म्हणे शेजारच्या बेटावर जायची जंगी तयारी केली. डुकरं बांधली, प्रार्थना झाली, निरोपाचं भाषण झालं, बायका रडल्या, आणि सगळे किनाऱ्यावर आले तर होडी कधीच भरतीबरोबर वाहून गेलेली. भाषण करता करता ती बांधायचीच राहिली होती. तेव्हापासून त्या घरातलं कुणी कुठे चुकलं की लोक विचारतात, "होडी कुठाय?" चिडायचं नाही, हसायचं, ही रीत. मावशी हसायची, पण दातांनीच.

तिची नात आकाता. आईवेगळी पोर, मावशीनेच वाढवलेली. आकाताला मुलगा झाला तो बेटावरच्या इस्पितळात. नवरा समुद्रापलीकडे, सुवा शहरात गोदीत कामाला, तो येणार पुढच्या जहाजाने. घरी सोडताना रेजिएली सिस्टरने बजावलं, "उद्या मी घरी येऊन बाळाच्या पायाला चिमटा लावून बघणार आहे, रक्तात प्राणवायू किती आहे ते. मला त्याचा रंगही बघायचाय. तोवर त्याला काही फासू नका."

मावशी म्हणाली, "बरं हो, सिस्टर."

आणि त्याच संध्याकाळी तिने बाळाला डोक्यापासून टाचेपर्यंत हळद लावली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. मी संत्री तोडायच्या निमित्ताने कुंपणाशीच होते.

"अहो आजी, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. पण पहिल्या संध्याकाळची हळद पहिल्याच संध्याकाळी लागते. तुला मी लावली तेव्हा तुझ्या आईने कुठल्या सिस्टरला विचारलं होतं?"

सिस्टरने पायाला चिमटा लावला. तेलाने तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला, आकडा काही येईना. तिने ओल्या फडक्याने पाय पुसायला घेतला तशी मावशीने बाळ उचलून छातीशी धरलं. "हळद आपणहून झडेपर्यंत पाणी लावायचं नाही."

"मग तोंड तरी उघडून दाखवा."

"झोपलंय ते. झोपलेल्याचं तोंड उघडतात होय?"

"मग इस्पितळात घेऊन या. उद्याच."

"आणते."

नेलं नाही. सिस्टर पुन्हा आली तेव्हा मावशी बाळाला घेऊन भावाच्या घरी गेली होती. त्यापुढच्या खेपेला म्हणे आकाताला ताप होता, घरात कुणी यायचं नव्हतं. आकाताला ताप नव्हता, हे मला माहीत होतं, कारण ती त्या वेळी माझ्या घरी केळी खात बसली होती.

बाळाचं नाव ठेवलं आतालिफो. आणि सगळं गाव त्याच्या गुणांवर खूश.

"किती शहाणं! रडतच नाही."

"जरा दूध पितं, जरा झोपतं. माझं पोर रात्रंदिवस बोंबलायचं."

"तोरिकाची हळद, दुसरं काय!"

आकाता तेवढी म्हणायची, "पितापिताच दमतो गं. चार घोट घेतले की सोडतो. कपाळाला घाम येतो."

"गरम होतंय त्याला," मावशी म्हणायची. "तुझ्या अंगाशी कोण गार राहील?"

असे दोनेक आठवडे गेले आणि मावशीच्या भावाच्या नातीचं लग्न आलं. त्या लग्नात सोंगाडीण मी होते. वधूकडचे लोक ज्या बाईच्या हातात काठी देतात तिचं लग्न संपेपर्यंत राज्य. ती सरदाराला नाचायला लावते, पाद्रीबाबांना उन्हात बसवते, पोलिसाला नारळ सोलायला लावते, आणि कुणाची 'नाही' म्हणायची छाती नसते. वर्षभर मला गप्प करणारे सगळे त्या दिवशी माझ्या काठीखाली. मी नवऱ्याचा कोट उलटा घातला होता, डोक्यावर टोपली, आणि सरदाराला दोन घागरी डोक्यावर घेऊन मांडवाला फेरी मारायला लावली होती. लोक लोळत होते.

तेवढ्यात रेजिएली सिस्टरने माझी बाही ओढली. ती नवरदेवाकडची पाहुणी, नव्या कपड्यांत. पण चेहरा कामावरचा.

"एलिसामावशी, आज तुझं सगळे ऐकतात ना?"

"ऐकतात म्हणजे! तुला झाडावर चढवू?"

"तोरिकाआजीला सांग, बाळाला धू म्हणावं. इथे, सगळ्यांसमोर. मी सांगितलं तर ती उठून जाईल. तू सांगितलंस तर तिला जाता येणार नाही."

"का गं? झालंय काय?"

"मला माहीत नाही. तेच तर बघायचंय." ती हळू आवाजात घाईघाईने बोलत होती. "आकाता आत्ता मला म्हणाली, तो पिताना दमतो, घामाघूम होतो. अशा बाळाचं हृदय कधीकधी नीट घडलेलं नसतं. निळं रक्त फुप्फुसात न जाता तसंच अंगभर फिरतं. मग बाळ निळसर दिसतं. पण आपल्या सावळ्या कातडीवर ते आधीच कमी दिसतं, आणि हिने वर हळदीचा थर दिलाय. खालचं कसं दिसणार? हात-पाय थंडीनेही निळे पडतात, त्याचं एवढं नाही. जीभ आणि हिरड्या मात्र थंडीने निळ्या पडत नाहीत."

मी आजवर कुणाचंही गंभीर बोलणं इतकं पूर्ण ऐकलेलं नाही.

मी काठी आपटली. "तोरिकामावशी! पुढे ये! तुझा पणतू मला पिवळा नकोय, मला त्याचा खरा रंग बघायचाय. न जाणो, आकाताने एखादा गोरा खलाशी गाठला असेल!"

हशा पिकला. आकाता लाजून पदराआड... पदर कुठला, पंख्याआड लपली. मावशी उठली, पण पुढे येईना.

"एलिसा, चेष्टा पुरे."

"पुरे केव्हा ते काठी ठरवते. पाणी आणा रे कुणीतरी! कोमट!"

"मुलाला पाणी नाही लावायचं."

"होडी कुठाय?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या मांडवाने ते उचललं. "होडी कुठाय? होडी कुठाय?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आधी कधी तिच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. रागाची नव्हती. शाळेत मुलाचा खिसा तपासायला घेतल्यावर तो बघतो तशी होती. मग तिने घमेल्याशी बसकण मारली आणि स्वतःच्या हाताने पणतवाला धुवायला घेतलं. लोक टाळ्या वाजवत होते. पाणी पिवळं झालं. पहिल्यांदा पाय निघाले, मग पोट, मग चेहरा. टाळ्या हळूहळू विरत गेल्या.

पाण्याने आतालिफो रडायला लागला. जन्मापासून पहिल्यांदाच तो पोटभर रडला असेल. आणि रडता रडता त्याचे ओठ जांभळे झाले, मग तोंडाभोवती काळपट छटा आली. उघड्या तोंडात जीभ दिसली. डोक्यावर टोपली घेऊन मी वाकले होते, म्हणून ती मला अगदी जवळून दिसली. पिकल्या वांग्याच्या सालीसारखी होती. रडणं तुटलं आणि तो धापा टाकायला लागला.

सिस्टरने त्याला मावशीच्या हातातून घेतला, त्याचे दोन्ही गुडघे दुमडून त्याच्याच छातीशी दाबून धरले, अशाने रक्त फुप्फुसाकडे वळतं म्हणे, आणि तसाच खांद्याशी घेतला. "ट्रक! ट्रक कुणाचा आहे?"

सरदाराचाच होता. त्याने डोक्यावरच्या घागरी टाकल्या आणि धावला. माझ्या राज्यातला हा एकच हुकूम, जो मी दिला नव्हता.

इस्पितळात प्राणवायू लावला. धुतलेल्या पायाला चिमटा नीट बसला, आणि आकडा बघून डॉक्टरांनी लगेच सुवाला फोन लावला. विमान आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतं. सुदैवाने ते दुसऱ्याच दिवशी यायचं होतं. आकाता बाळाला घेऊन गेली. मावशीला म्हणाली, "चल ना आजी, मला एकटीला भीती वाटते." मावशी म्हणाली, "डुकरांना कोण बघेल?"

डुकरं मी बघितली असती. तसं मी म्हटलंही. ती माझ्याकडे न बघता घरात गेली.

नंतर सुवाहून निरोप येत राहिले. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद होती. डॉक्टरांनी आधी एक बारीकशी नळी बसवून रक्ताला फुप्फुसाकडची वाट करून दिली. मोठं ऑपरेशन व्हायचं ते परदेशातल्या डॉक्टरांचं पथक येईल तेव्हा, पोर जरा मोठं झाल्यावर. तोवर सुवातच राहायचं.

गावाने मावशीला दोष दिला नाही. "तिला काय माहीत?" लोक म्हणायचे. "हळदीखालचं कुणाला दिसतं?" जो येई तो हेच म्हणे, आणि मावशी दर वेळी थोडी आणखी वाकायची. मी म्हटलं, म्हातारी झाली. मी तिला हसवायला गेले. "मावशी, यंदा हळद नाही केलीस, पाद्रीबाबा फिकट दिसायला लागलेत." ती म्हणाली, "जा गं एलिसा."

तिने हळद करायचं सोडून दिलं होतं. मुळ्या जमिनीतच होत्या. तिचे हात पहिल्यांदा हातांच्या रंगाचे झाले, आणि ते बघवत नव्हते. कुणाकडे मूल जन्मलं की बोलावणं येई, आणि मावशीचा गुडघा दुखायला लागे. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायला लागली. माझ्या शेजारी! जिथे फक्त बाहेर काढायला सोयीचे लोक बसतात.

एकदा आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकाच्या झोपडीत तारोचे कंद सोलत होतो. सोलता सोलता ती मध्येच थांबली.

"मी पाहिली होती."

"काय?"

"जीभ. पहिल्याच संध्याकाळी. बोटाने नारळाचं दूध चाटवायला गेले तेव्हा."

मी सुरी खाली ठेवली.

"मी स्वतःला म्हटलं, आकाताने जांभळा कंद खाल्लाय, त्याचा रंग असेल. काल जन्मलेल्या पोराच्या जिभेवर आईच्या कंदाचा रंग! एवढी का मी खुळी आहे? मला कळलं होतं, एलिसा. काय ते नाही कळलं, पण काहीतरी आहे हे कळलं. मी दुसरा थर दिला. ओठांपर्यंत दिला. लोक यायचे होते ना बघायला."

"पण का?"

"माझ्या हळदीच्या पोराला काही होत नाही," ती म्हणाली. "आणि झालं असतं, तर तुम्ही लोकांनी त्याला नाव ठेवलं असतं. होडी गेली, आता निळं पोर. त्याच्या नातवंडांना विचारलं असतं, निळं कोण? म्हणून सिस्टर यायची तेव्हा मी पळायचे. लोक म्हणतात, हिला काय माहीत. हिला माहीत होतं."

मी सुरी उचलून सोललेलाच कंद पुन्हा सोलायला घेतला. मी विचारलं, "आकाताला?"

"नाही सांगितलं. फोनवर ती म्हणते, आजी, तू स्वतःला लावून घेऊ नकोस. मी हं हं म्हणते."

पावसाळे उलटले. पथक आलं, ऑपरेशन झालं, आणि आकाता पोराला घेऊन जहाजाने परत आली. आतालिफो चालत धक्क्यावर उतरला. छातीवर मधोमध उभा वण, ओठ गुलाबी, आणि एक खोड: कुणीही मोठं माणूस त्याच्यासमोर वाकलं की तो जीभ बाहेर काढायचा. डॉक्टरांनी इतक्या वेळा बघितली होती की त्याला वाटायचं, माणसं भेटतात ती जीभ बघायलाच. सरदार मायेने वाकला आणि सगळ्या गावासमोर त्याला हातभर जीभ दिसली. मी तर तिथेच मेले हसून.

समुद्र ओलांडून, जीव वाचवून पहिल्यांदा घरी आलेल्याचा समुद्र उतरवायचा असतो. अंगाला तेल-हळद लावायची असते, गळ्यात माळ घालायची असते. त्या दिवशी सकाळपासून मावशीच्या अंगणात चूल पेटली होती, डुक्कर भट्टीत होतं, चटया पसरल्या होत्या. मी कुंपणाशी होते. संत्री संपली होती, पण मी होते.

"आजी, हळद कुठाय?" आकाताचा आवाज.

"दुसऱ्या कुणाला लावू दे."

"दुसरं कोण? बस झालं आता. तुझी काय चूक त्यात?"

मग मावशीने सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, कंदासकट. एकही शब्द स्वतःच्या बाजूने न वळवता.

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी तुला विचारलं होतं," आकाता म्हणाली. "घाम येतो, दमतो, म्हणून विचारलं होतं. तू म्हणालीस, गरम होतंय. मी तुझं ऐकलं. तिथे वॉर्डात शेजारच्या खाटेवरचं पोर गेलं, आजी. त्याची आई पण म्हणायची, उशिरा आलो. मी तेव्हा मनात म्हणत होते, माझ्या आजीला कळलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी मला पळवलं असतं."

"हो."

"हो काय, हो!"

"दुसरं काय म्हणू, पोरी?"

आकाता बाहेर आली. मला कुंपणाशी पाहून न पाहिल्यासारखं करून तिने मुलाला कडेवर घेतलं आणि नारळीच्या झाडांतून समुद्राकडे निघून गेली. पाहुणे यायला लागले. सरदार आला, पाद्रीबाबा आले, रेजिएली सिस्टर आली. भट्टीतलं डुक्कर तयार होतं, आणि ज्याच्यासाठी सगळं, त्याचा पत्ता नाही. तरी कुणी 'होडी कुठाय' म्हटलं नाही. म्हणालं असतं तर बरं झालं असतं, असं मावशीच्या तोंडावर दिसत होतं.

आकाता आली ती डोळे धुऊन. तिने मुलाला पांढऱ्या चटईवर बसवलं. "हळद हिलाच लावू दे," ती म्हणाली, पण मावशीकडे बघून नाही, सिस्टरकडे बघून. "जुनी शिल्लक असेल ती आणा."

मावशी वाटी घेऊन आली. बसण्याआधी ती माझ्याकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एलिसा, तू सोंगाडीण ना? मग आमच्या घराण्याला दुसरा टोमणा दे. पोराच्या नावावर नको. माझ्या नावावर दे."

"कशाचा टोमणा?" सरदाराने विचारलं.

"मी याची जीभ पाहिली होती. काळी-निळी. आणि मी तिच्यावर हळद फासली. सिस्टरपासून लपवून ठेवलं." तिने पाद्रीबाबांकडेही पाहिलं. "मला माहीत नव्हतं, असं आता कुणी म्हणू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लग्न नव्हतं, काठी नव्हती, टोपलीही नव्हती. मी म्हटलं, "तोरिकामावशी, जीभ!"

एवढंच. मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. हसला तो आतालिफो. शब्द ओळखीचा होता ना! त्याने लगेच मान वर केली आणि पणजीच्या तोंडासमोर जीभ बाहेर काढली, लालचुटूक, पार हनुवटीपर्यंत. मावशीने ती बघितली. खूप वेळ बघितली. मग कपाळापासून हळद लावायला सुरुवात केली, आणि ओठांशी आल्यावर हात मागे घेतला.

आकाता अजून तिच्याशी मोजकंच बोलते. जेवायला वाढते, गुडघ्याला तेल लावून देते, पण पूर्वीसारखी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत नाही. मावशीने पुन्हा हळद करायला घेतली आहे. मूल जन्मलं की ती वाटी घेऊन निघते, आणि रस्त्यात जो भेटेल तो, लहान असो मोठा असो, ओरडतो, "तोरिकामावशी, जीभ!" चिडायचं नाही, हसायचं, ही रीत. ती हसत नाही. ती मान हलवते, बाळाच्या घरी जाते, वाटी उंबऱ्याबाहेर ठेवते, हात धुते, उजेडाच्या बाजूला बसते आणि आधी बाळाचं तोंड उघडते. सिस्टर येऊन चिमटा लावून गेल्याशिवाय वाटी आत आणत नाही.

आणि घरातलं कुणी "बघितली ना, मावशी? लावा आता," म्हणालं, तर ती म्हणते, "थांब गं. अजून एकदा बघू दे."